उत्तर बरोबर आलं, पण कारण सांगता येतं का?



दोन महिन्यांपूर्वी आमच्या गटापुढे एक वेगळाच कर्जाचा अर्ज आला. शेळीसाठी नाही, शिलाई मशीनसाठीही नाही. एका ताईंना आठवीतल्या मुलीसाठी टॅबलेट आणि ऑनलाइन अभ्यासाचं पॅकेज घ्यायला १०,००० रुपये हवे होते. मुलगी सोबत आली होती. पॅकेजच्या मोफत चाचणीत तिला व्याजाच्या गणितात २० पैकी २० गुण मिळाले होते. आम्हालाही कौतुक वाटलं.

मग आमच्या सचिव ताईंनी विचारलं, "बाळा, आईच्याच कर्जाचं सांग. १० महिने, दर महिन्याला हजार रुपये मुद्दल फेडायचं. गटाचं व्याज महिना शेकडा २, पण उरलेल्या मुद्दलावर. दुसरा एकजण वर्षाला शेकडा १२ नेच देतो, पण शेवटपर्यंत पूर्ण १०,००० वर व्याज धरतो. कोणाचं घ्यावं?"

मुलगी पटकन म्हणाली, "१२ वालं. ते निम्मं पडतं."

आम्ही वहीत मांडलं. गटाचं व्याज पहिल्या महिन्यात २००, दुसऱ्या महिन्यात १८०, असं उतरत शेवटी २०. एकूण १,१००. दुसऱ्याचं दर महिन्याला १००, म्हणजे एकूण १,०००. फरक अवघा शंभराचा! आणि गटाला दिलेलं व्याज गटातच राहतं.

यात मुलीची चूक नव्हती. तिला सूत्र पाठ होतं. पण दोन गोष्टी शेजारी ठेवून तपासायला तिला त्या चाचणीने कधी सांगितलंच नव्हतं.

अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये शिकण्याच्या सहा पायऱ्या मांडल्या. २००१ मध्ये त्या सुधारल्या गेल्या. आठवणं, समजणं, वापरणं, बारकाईने तपासणं, योग्य काय ते ठरवणं आणि स्वतः नवं रचणं. वरच्या तीन पायऱ्यांना उच्च पातळीचा विचार म्हणतात. नुसती चार पर्यायांची चाचणी बहुतेक वेळा खालच्याच पायऱ्यांवर थांबते.

मग चांगल्या ऑनलाइन अभ्यासात काय असावं? पहिलं, उत्तर दाखवण्याआधी मुलाला अंदाज करू द्यावा. दुसरं, आकडे बदलून काय होतं ते पाहता यावं. तिसरं, "असं का?" हे स्वतःच्या शब्दांत लिहायला जागा असावी. चौथं, चुकलं तर लगेच उत्तर न देता एखादी खूण द्यावी आणि पुन्हा प्रयत्न करू द्यावा. आणि शेवटी मुलाने स्वतः प्रश्न तयार करावा.

असं काही मोफत मिळतं का? मिळतं. नोबेल विजेते शास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' सुरू केलं. त्यातले बरेच प्रयोग मराठीतही आहेत. बॅटरी, तार आणि बल्ब पडद्यावर जोडायचे. बल्ब लागला नाही तर का लागला नाही, ते मुलानेच शोधायचं. सरकारचं 'दीक्षा' २०१७ पासून आहे. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड फोनने स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ उघडतात. पण व्हिडिओ नुसता पाहून संपवला तर तोही पाठांतरातच जमा.

तिथे आपलं काम सुरू होतं. त्यासाठी आपण शिकलेल्या असायलाच हवं असं नाही. मूल फोन घेऊन बसलं की तीनच प्रश्न विचारायचे: तुला आधी काय वाटलं होतं? तसं का वाटलं? आकडा बदलला तर काय होईल? उत्तर आपल्याला माहीत नसलं तरी चालतं. सांगताना मुलाला स्वतःलाच आपली चूक सापडते.

आम्ही तो अर्ज नाकारला नाही, एक महिना थांबवला. तोवर घरच्याच फोनवर मोफतचं वापरून बघा, असं ठरलं. पुढच्या बैठकीला मुलगी वही घेऊन आली. तिने दोन्ही कर्जांचा महिनावार तक्ता मांडला होता आणि खाली स्वतःचा एक प्रश्न लिहिला होता: "पावसामुळे मजुरी बुडाली आणि एक हप्ता चुकला, तर कोणतं कर्ज जड जाईल?"

आम्ही सगळ्याजणी त्या वहीभोवती गोळा झालो. त्या दिवशी इतिवृत्त लिहायला उशीर झाला. ताईंनी अर्ज मागे घेतला. टॅबलेटचं पुढच्या वर्षी बघू, म्हणाल्या.