हरिहरेश्वरचा कातळ आणि रुंद कोनाचें भिंग

समुद्र डोळ्यांत मावत नाहीं, मग तो कॅमेऱ्यांत कसा मावावा, या विवंचनेंतून आम्हीं रुंद कोनाचें, म्हणजे वाइड अँगल, भिंग घेतलें आणि माघ शुद्ध त्रयोदशीस सहकुटुंब रायगड जिल्ह्यांतील हरिहरेश्वर गांठलें. येथील प्रदक्षिणा देवळामागच्या टेकडीस घालावयाची असते. कातळांतील चिंचोळ्या घळींतून पायऱ्या उतरल्या कीं वाट लाटांच्या तोंडाशीं येते. खाऱ्या वाऱ्यानें व तुषारांनीं तेथील काळ्या दगडास मधाच्या पोळ्यासारखीं भोकें पडलीं आहेत.

आमचें पहिलेंच छायाचित्र पाहून वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, यांत समुद्र कुठं आहे?”

प्रश्न रास्त होता. वर आकाश, खालीं खडक, मध्यें पाण्याची रेघ! ३६ बाय २४ मिलिमीटरच्या चौकटीवर ५० मिलिमीटरचें नेहमींचें भिंग सुमारें ४७ अंशांचा पल्ला घेतें. आमचें २४ मिलिमीटरचें ८४ अंशांचा. त्यांत पुष्कळ मावतें खरें, पण लहान होऊन मावतें. दूरचें गोळा करण्यापेक्षां जवळच्याला मोठेपण देणें हाच या भिंगाचा धर्म. हें उमगल्यावर आम्हीं खालीं बसून कॅमेरा कातळापासून हातभर अंतरावर आणला, भिंगाचें छिद्र ११ या आंकड्यावर बारीक केलें, आणि समुद्राला त्या भोकांच्या मागें जागा दिली. चित्राला एकदम खोली आली. (माणसांचीं चित्रें मात्र या भिंगानें घेऊं नयेत. रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या आत्याबाई अशा आडव्या ताणल्या गेल्या कीं तें चित्र त्यांनीं अद्याप भिंतीवर लावूं दिलेलें नाहीं.)

परंतु याच गुणांत घात आहे. भिंगांतून वीस पावलांवर भासणारी लाट प्रत्यक्षांत दहा पावलांवर असते. आम्ही उतरलों तेव्हां ओहोटी होती. पाणी केव्हां फिरलें तें डोळा कॅमेऱ्यास लावलेल्या आम्हांस कळलेंच नाहीं. थोरल्या काकांनीं दंड धरून मागें ओढलें, आणि आमच्या बसल्या जागेवरून कमरेइतकें पाणी फिरलें. शेजारची तिवई समुद्रानें नेली. याच वाटेवर लाटेनें माणसें ओढून नेल्याचे प्रसंग घडलेले आहेत.

रात्रीं काकांनीं पंचांग पुढें ठेवलें. कोंकणांतला जुना हिशेब असा कीं, तिथीला पाऊणनें गुणिलें म्हणजे भरतीची अजमासें वेळ येते. अष्टमीस सहाला भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येस बाराच्या सुमारास भरती, सहाच्या सुमारास ओहोटी. तेव्हां कोंवळें ऊन व उघडा कातळ यांची गांठ याच दोन तिथींना पडते. त्यांतही पश्चिम किनाऱ्यावर सकाळीं टेकडीची सावली आड येते, म्हणून संध्याकाळच बरी. मात्र तें उधाण असतें. पाणी दूर जातें तसेंच जोरानें परत येतें. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधीं उतरावें आणि पाणी फिरतांच वर यावें.

पौर्णिमेस सायंकाळीं आम्ही पुन्हां उतरलों. काका पाठीशीं उभे होते, हातांत घड्याळ घेऊन.