खुर्ची डावीकडे का जात नाही

मुलुंड पश्चिमेच्या एका तिसऱ्या मजल्यावर, जिथे इतरांच्या घरी दिवाण असतो तिथे, माझ्या मित्राचं विमान उभं आहे. चौरस पाइपची लोखंडी चौकट, मधोमध युनिव्हर्सल जॉइंट, त्यावर भंगारातून आणलेली गाडीची सीट आणि वायपरच्या दोन मोटारी. एक मोटार सीटला पुढे-मागे झुकवते, दुसरी डावी-उजवीकडे. पडद्यावरचं विमान वळलं की माणूसही वळतो. सीट आणि मोटारी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या, इलेक्ट्रॉनिक्स लॅमिंग्टन रोडचं, वेल्डिंग ओळखीच्या फॅब्रिकेटरचं. घाटकोपरच्या डोक्यावरून येऊन सांताक्रूझच्या २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरायचं, हा त्याचा रविवारचा नेम.

एका शनिवारी रात्री हे विमान डावीकडे वळता वळता बसलं. जळका वास आला. त्यानंतर सप्लाय चालू केला की हिरवा दिवा लुकलुकायचा, टिक असा आवाज यायचा, पुन्हा लुकलुक, पुन्हा टिक. मला फोन आला तो निदानासकटच आला, "ड्रायव्हर गेला रे. नवा आणलाय. येतोस का लावायला?"

ड्रायव्हर म्हणजे मोटार चालवणारा बोर्ड. संगणक सांगतो सीट किती झुकवायची, आर्डुइनो नावाचा छोटा कंट्रोलर त्याचे पल्स बनवतो, पण आर्डुइनोच्या पायातून मिलिअँपिअरमध्ये मोजावा एवढाच करंट निघतो. मोटारीला लागतात अँपिअर. मधला दलाल म्हणजे हा बोर्ड. याच्याकडचा आयबीटी-२ नावाचा, हौशी लोकांचा लाडका, स्वस्त. त्यावर बीटीएस७९६० या दोन चिप असतात आणि प्रत्येक चिप मोटारीच्या एका तारेची मालक. ती तारेला प्लसला जोडते किंवा मायनसला. एक तार प्लस, दुसरी मायनस की मोटार उजवीकडे. उलट केलं की डावीकडे.

दुकानात हा बोर्ड ४३ अँपिअरचा म्हणून विकला जातो. डेटाशीट वाचली तर कळतं की ४३ हा चिप निवांत पेलेल असा आकडा नाहीच. साधारण तेवढ्या करंटला ती स्वतःहून हात आखडते, क्षणभर बंद होते आणि पुन्हा प्रयत्न करते. म्हणजे ४३ ही तिच्या घाबरण्याची पातळी. पाठीवरच्या त्या इवल्याशा हीटसिंकवर त्याच्या निम्मासुद्धा करंट फार वेळ चालवू नये, असं माझं मत.

मी पोहोचलो तोवर मित्राने आपल्या परीने तपास केला होता आणि तो वाईट नव्हता. यूएसबी काढून, मोटारीच्या तारा बोर्डापासून सोडवून सप्लाय लावला, तर हिरवा दिवा स्थिर. म्हणजे सप्लाय ठीक. मोटार स्कूटरच्या बॅटरीवर थेट लावली, दोन्ही दिशांना छान फिरली. म्हणजे मोटारही ठीक. राहिला बोर्ड. शिवाय पुढे-मागे करणारा दुसरा बोर्ड शाबूत होता. तो काढून इथे लावला की खात्रीच होणार होती. अदलाबदल करून बघणं हा या छंदातला पहिला मंत्र आहे. दोष बोर्डाबरोबर सरकला तर बोर्ड वाईट, जागीच राहिला तर मोटार किंवा वायरिंग.

मी नको म्हटलं. अदलाबदलीत चांगला भाग संशयिताच्या हवाली करावा लागतो, आणि एकदा धूर निघालेल्या सर्किटमध्ये तो परत चांगला येईल याची हमी कोण देणार? आधी वीज बंद ठेवून मोजायचं. त्याला पैसे लागत नाहीत आणि काही जळतही नाही.

आतून काकूंचा आवाज आला, "त्या दिवशीसारखी सगळ्या घराची लाइट घालवू नका रे." मुलुंडला वीज महावितरणची, अंधेरीला अदानीची, पण २३० व्होल्टचा झटका दोन्हीकडे सारखाच. या सप्लायचे, म्हणजे एसएमपीएसचे, स्क्रू उघडे असतात, म्हणून स्विच नव्हे, प्लगच काढला.

बोर्ड चौकटीवरून पूर्ण सोडवून टेबलावर घेतला. मोटारीच्या तारा जागेवर ठेवून मोजलं तर वाइंडिंगमधून दोन्ही टोकं एकच भासतात आणि मीटर खोटं बोलतो. मीटर डायोडवर. लाल प्रोब मोटारीच्या पहिल्या टोकावर, काळी सप्लायच्या प्लसवर: आकडा कपॅसिटरमुळे थोडा चढला आणि ०.४६ ला थांबला. प्रोब उलटे केले: थोड्या वेळाने ओएल, म्हणजे वाट बंद. चिपमधल्या डायोडने एका दिशेला वाट द्यावी, दुसरीला अडवावी, तसंच होतं. ही चिप जिवंत. आता दुसरं टोक. लाल-काळी, ०.००२. काळी-लाल, ०.००२. अडवणूकच नाही. प्लसकडचा स्विच आतल्या आत वितळून कायमचा जोडला गेला होता. चिपच्या पाठीवर तपकिरी डागही होता, पण तो मी मोजल्यावर पाहिला. आधी डाग दिसला की मोजायचा कंटाळा येतो.

"बघ, बोर्डच," मित्र म्हणाला आणि नव्या बोर्डाची पिशवी फाडायला लागला.

बोर्ड गेला होता, यात वाद नव्हता. पण सप्लायची टिकटिक त्याने समजत नव्हती. एसएमपीएस तसा बसतो तो प्लस आणि मायनस थेट भिडल्यावर. इथे एकच स्विच चिकटला होता. त्याने प्लस मोटारीच्या एका तारेपर्यंत पोहोचत होता, बस्स. तिथून मायनसला जायला वाट हवी, आणि ती बोर्डावर नव्हती, कारण मोटारीच्या तारा सोडल्यावर टिकटिक थांबत होती. मोटारीतही नव्हती, कारण बॅटरीवर ती निर्दोष. प्रत्येक जण एकटा असताना सज्जन. म्हणजे वाट या तिघांच्या बाहेरून होती, आणि बाहेर होती फक्त चौकट.

इथे वायपरच्या मोटारीचा स्वभाव माहीत असावा लागतो. गाडीत बॉडी म्हणजेच मायनस. एक तार वाचते म्हणून अनेक वायपर मोटारींत एक ब्रश थेट कवचाला जोडलेला असतो. गाडीत त्याने काही बिघडत नाही, कारण तिथे मोटार एकाच दिशेने फिरते. काचेवरची ये-जा क्रँक आणि दांड्या करतात. सिम्युलेटरमध्ये मात्र मोटारीलाच क्षणोक्षणी उलटं फिरायचं असतं. म्हणजे जो ब्रश कवचाला जोडलाय त्याला अर्धा वेळ प्लस मिळणार. म्हणून मोटार उघडून तो ब्रश कवचापासून तोडतात आणि त्याची वेगळी तार बाहेर काढतात. मित्राने तेही करून घेतलं होतं.

तुटपुंज्या साधनांतून खुर्ची हलवायची ही हौस तशी जुनी. एडविन लिंकचा बाप ऑर्गन बनवायचा; पोराने १९२९ मध्ये ऑर्गनचेच भाते वापरून वैमानिकांना शिकवायचं हलतं खोकं केलं. आजच्या मोठ्या सिम्युलेटरचा सहा पायांचा मंच ज्याच्या नावाने ओळखला जातो त्या स्ट्युअर्टचा निबंध १९६५ चा, आणि तसा मंच गॉफ नावाच्या इंजिनिअरने त्याच्याही आधी डनलॉपमध्ये टायर तपासायला बांधला होता. त्या मानाने वायपर मोटारीवर विमान चालवणं अगदीच घरंदाज काम.

मीटर ओहमवर घेतला. प्रोब एकमेकांना टेकवले तर ०.३, हा प्रोबच्या तारांचा स्वतःचा रोध, प्रत्येक वेळी वजा करायचा. लाल तार ते मोटारीचं कवच: १.०. काळी तार ते कवच: ०.४. दोन्ही शून्याजवळ, त्यामुळे नुसत्या बीपवर विसंबलो असतो तर दोन्ही तारा सारख्याच वाटल्या असत्या. वजाबाकीनंतर काळी तार ०.१, म्हणजे कवचाला टेकलेली, लाल ०.७, म्हणजे वाइंडिंग ओलांडून आलेली. वाइंडिंग सुमारे ०.६ ओहम धरलं तर १२ व्होल्टला अडकलेली मोटार २० अँपिअर घेईल. साधा मीटर इतक्या खाली फार भरवशाचा नसतो, पण अंदाजाला पुरे. मोटारीच्या जोरावर बोर्ड मरायला नको होता.

मग कवच ते एसएमपीएसचा मायनस. बीप. खाली वाकून पाहिलं तर चौकटीच्या पायाशी जाडशी हिरवी तार, नट घट्ट आवळून, थेट सप्लायच्या मायनसपर्यंत.

"ही कधी लावलीस?"

"जॉयस्टिक उडताना मध्येच गायब व्हायची. मोटारीचा नॉइज यूएसबीत येतो म्हणून फ्रेम ग्राउंड केली. तेव्हापासून एकदाही गेली नाही."

उपाय बरोबरच होता. फक्त त्या तारेने चौकट मायनस झाली, आणि आत कुठेतरी काळी तार चौकटीला टेकली होती. उजवीकडे वळताना काळी तार मायनसवर असते. मायनस मायनसला टेकला तर कोणाला कळणार? डावीकडे वळताना तीच तार प्लस होते आणि प्लस हिरव्या तारेतून सरळ घरी जातो. चांगला बोर्ड इथे लावला असता तर पहिल्याच डाव्या वळणाला त्याचं तेच झालं असतं. आणि गेलेला बोर्ड पुढे-मागेच्या मोटारीला लावला असता, तर एकतर सीट आज्ञेविना एका टोकाला धावली असती, नाहीतर सप्लाय पुन्हा बसला असता. बॅटरीवर मोटार साव ठरली, कारण बॅटरीचा चौकटीशी संबंधच नव्हता.

मागचे काही आठवडे सीट डावीकडे जाताना मध्येच अडखळायची, हे त्याने तेव्हा कुठे सांगितलं. त्याला ते ट्यूनिंग वाटलं होतं. सॉफ्टवेअरमध्ये तो रात्र-रात्र आकडे बदलत बसला होता. तार तेव्हा अधूनमधून टेकत असणार आणि चिप तेवढ्यापुरती हात आखडून स्वतःला वाचवत असणार.

मोटारी काढून घाटकोपरला, रिवाइंडिंगच्या एका गाळ्यात नेल्या. तिथले काका पंपाच्या आणि पंख्याच्या मोटारी बांधतात, वायपर मोटार पाहून म्हणाले, "साहेब, यात बांधायचं काय असतं?" पण उघडली. ब्रशच्या प्लेटमधून बाहेर येणारी तार पत्र्याच्या भोकातून काढलेली होती आणि भोकाची कड घासलेली नव्हती. वर प्लास्टिकची साधी नळी. सीटच्या थरथरीने तार त्या कडेवर इतकी घासली होती की नळी कापली जाऊन आतलं तांबं चकाकत होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. काकांनी कानस फिरवून भोक गोल केलं, रबरी ग्रोमेट बसवला, काचेच्या धाग्याची दुहेरी स्लीव्ह चढवली, वॉर्निशचा हात दिला. मग हाताने फिरवायचा जुना ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, काढला. काटा इन्फिनिटीला टेकला. बोर्ड जोडलेला असताना हा मेगर कधी लावायचा नाही. बोर्डाला मारायला तो एकटा पुरतो.

हिरवी तार काढून टाकावी, असं मित्राचं म्हणणं. ते मला पटलं नाही. २३० व्होल्टचा सप्लाय ज्या लोखंडावर बसवलाय ते लोखंड अर्थ हवंच. शिवाय संगणकाचा मायनस आतून अर्थलाच असतो आणि यूएसबीतून तो आर्डुइनोपर्यंत येतो. म्हणजे तार काढली तरी वाट उरणारच, फक्त सगळा करंट यूएसबीच्या केसासारख्या तारेतून जाणार. तार ठेवली. त्याऐवजी प्रत्येक बोर्डाच्या प्लसवर गाडीत असतो तसा १५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज टाकला. हा पहिल्याच दिवशी असता तर दहा-वीस रुपयांत भागलं असतं.

नवा बोर्ड पहिल्यांदा चालवताना सप्लायच्या मालिकेत हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॉटचा बल्ब धरला. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि पाचेक अँपिअरच्या वर काही जात नाही. गॅरेजवाले आणि टीव्ही दुरुस्त करणारे हे पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. सीट मोकळी ठेवून हाताने आज्ञा दिली: उजवीकडे, बल्ब अंधुक लाल; डावीकडे, तसाच अंधुक लाल. मग बल्ब काढला आणि मित्र बसला.

काकांनी दुसरी मोटारही उघडली होती, न सांगता. तिच्या तारेची नळी अर्धी कापली गेली होती. दोन्हींचे मिळून पैसे त्यांनी एकाचेच घेतले, आणि वर विचारलं, "त्या खुर्चीत बसल्यावर उलटी नाही होत?"