बेणे तेच, मग जात बदलली कशी?



मागच्या महिन्यात गट ऑफिसात एक जुने सभासद आले. पिशवीतून दोन बारीक कांड्या काढून टेबलावर ठेवल्या नि म्हणाले, "साहेब, को ८६०३२ म्हणून बेणं दिलंत. पाच वर्षांत त्याची जातच बदलली की हो!" कांड्या खरोखरच बारीक होत्या. पण जात बदललेली नव्हती.

घोटाळा 'जात' या शब्दाचा आहे. को ८६०३२ लाही आपण जात म्हणतो. खरे म्हणजे तो वाण. शास्त्रज्ञ ज्याला प्रजाती म्हणतात ती वेगळी. अर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली तिची व्याख्या केली: निसर्गात ज्यांचा आपसात संकर होतो, पण बाहेरच्या गटाशी होत नाही, ती एक प्रजाती. खिलार गाय नि डांगी वळू यांची कालवड पुढे विते, म्हणून दोन्ही एकाच प्रजातीची. घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२. खेचराला येतात ६३. जोड्या जुळत नाहीत, म्हणून खेचर वांझ.

ऊस मात्र हा नियम पाळत नाही. जाड, गोड पुंड्या ऊस ही एक प्रजाती, नदीकाठी पांढरे तुरे येणारे उसासारखे रानगवत ही दुसरी. तरी कोइमतूरच्या केंद्रात (स्थापना १९१२) बार्बर आणि वेंकटरामन यांनी जाड ऊस नि हे रानगवत यांचा संकर केला आणि १९१८ साली को २०५ शेतकऱ्यांना मिळाला. एकाची साखर, दुसऱ्याचा काटकपणा. असल्या संकरांपासून पुढे आणखी वाण निघाले. आपल्या आजच्या उसातही त्या गवताचे रक्त आहे. म्हणून व्याख्येवर शास्त्रज्ञांचेच अजून वाद चालतात. माझ्या मते ती कामापुरती धरावी.

मग नवी प्रजाती होते कशी? बहुधा डोंगर किंवा समुद्र आडवा येऊन एकाच प्रजातीचे दोन गट तुटतात. पिढ्यान्‌पिढ्या दोहोंत वेगवेगळे बदल साठत जातात, आणि पुढे गाठ पडली तरी संकर जमत नाही. याला बहुतेक वेळा लाखो वर्षे लागतात.

वनस्पती कधी आडवाटही धरतात. आपल्याकडच्या खपली गव्हाची गुणसूत्रे २८. सुमारे आठ-दहा हजार वर्षांपूर्वी कॅस्पियन समुद्राच्या बाजूला खपलीच्याच कुळातल्या गव्हाचा १४ गुणसूत्रांच्या एका रानगवताशी संकर झाला. निम्मी-निम्मी धरून २१ झाली. असे रोप वांझच राहायचे. पण ती दुप्पट होऊन ४२ झाली, जोड्या जुळल्या, दाणा भरला. तोच आपला चपातीचा गहू. आज त्याचा खपलीशी संकर केला तर ३५ येतात नि दाणा नीट धरत नाही.

आता त्या सभासदांचा ऊस. त्यात यातले काहीच घडले नव्हते. आपण बी पेरत नाही, टिपरी लावतो. प्रत्येक डोळा म्हणजे आईचीच नक्कल. पण टिपरीबरोबर रोगही पुढे जातो. त्यांच्या शिवारात जाऊन पाहिले, तर बुडख्यात पांढरट पानांचे गवतासारखे फुटवे: गवताळ वाढ. बेणे पाचही वर्षे घरच्याच खोडव्याचे!

खोडव्याचे बेणे घेऊ नका. रोगट बेटे मुळासकट काढून जाळा. बेणे मळ्यातील शुद्ध बेण्यानेच लागण करा आणि दर तीन वर्षांनी बेणे बदला. त्या सभासदांनी नोंद करून टाकली. जाता जाता म्हणाले, "खेचराचं पटलं साहेब, पण गव्हाचं पुन्हा एकदा सांगा."