अंगठ्याखालचं रीळ

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातलं मासेमारीच्या सामानाचं जुनं दुकान बंद झालं. दुकानं बंद होतात, त्याचं एवढं नाही. पण जाता जाता मालकानं काउंटरमागचे छोटे खण उपडे केले आणि त्यातून ॲबूच्या जुन्या मल्टिप्लायर रिळांचे सुटे भाग निघाले. ब्रेकचे ठोकळे, बेअरिंगं, पितळी दंतचक्रं, स्प्रिंगा, सगळं एका पिशवीत कोंबून मोडीच्या भावात गेलं. "आता मागतं कोण हे?" तो म्हणाला. तो खरंच बोलत होता, म्हणून ते जास्त लागलं. केंटमधल्या डीलच्या किनाऱ्यावर आज रात्री फेरी मारली, तर दहातल्या आठ-नऊ रॉडवर फिक्स्ड स्पूल दिसेल.

आपल्याकडच्या वाचकांसाठी थोडं सांगतो, कारण कोकणात आणि मुंबईत हल्ली जी रिळं दिसतात ती बहुतेक याच जातीची असतात. त्यात स्पूल जागच्या जागी राहतं आणि फेकताना तंगूस त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटत जातो. मल्टिप्लायरमध्ये स्पूल रॉडला आडवं बसतं आणि फेकताना तेच गरागरा फिरतं. भानगड इथेच आहे. तंगुसाच्या टोकाला बांधलेल्या शिशाचा वेग हवेत कमी होत जातो, पण स्पूलचा त्या मानानं होत नाही. विहिरीत सोडलेली कळशी पाण्याला टेकावी आणि वरचा रहाट मात्र फिरतच राहावा, तसा सैल तंगूस स्पूलवर उसळतो, एकमेकांत अडकतो आणि दहा मिनिटं टॉर्चच्या उजेडात गुंता सोडवत बसावं लागतं. किंवा तंगूस काडकन तुटून शिसं एकटंच समुद्रात जातं. हे टाळायला एकच भरवशाचं साधन आहे, ते म्हणजे फेकणाऱ्याचा अंगठा.

या यंत्राचा जन्म घड्याळजींच्या घरातला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत केंटकीमधल्या जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीनं अशी रिळं घडवली. स्वीडनमध्ये स्वेंग्स्ता गावी कार्ल ऑगस्ट बोर्गस्ट्रॉम यांनी 1921 साली काढलेला ॲबूचा कारखानाही घड्याळांचा आणि टॅक्सीमीटरचा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास टॅक्सीमीटरची मागणी आटली आणि तो रिळांकडे वळला. 1952 च्या सुमारास त्यांचं लाल ॲम्बॅसडर 5000 आलं, मागून 6000 आलं. अमेरिकेत फिलाडेल्फियाची पेन कंपनी 1932 पासून याच धंद्यात होती आणि त्यांचं स्क्विडर रीळ इंग्लंडच्या किनाऱ्यांवरही बरंच चाललं. साठच्या दशकात लेस्ली मॉन्क्रिफ यांनी लेबॅक नावाची फेकण्याची पद्धत लोकप्रिय केली. ही माहिती कुठल्याही पुस्तकात मिळेल. मला बोलायचंय ते साधारण 1975 ते 1985 या काळाबद्दल, कारण तो मी या किनाऱ्यावर काढला.

त्या काळात इकडे आलेल्या मराठी डॉक्टरांपैकी मी एक. लहानपण वेंगुर्ल्याचं. बंदरावर हातातल्या तंगुसानं गरवताना मासा ओढू लागला की बोटावर तंगूस किती कसायचा आणि किती सोडायचा, हे शाळेच्या आधी शिकलो होतो. डीलला आल्यावर एका मासेमारी क्लबात नाव घालायला गेलो. चिटणीसानं "सभासदसंख्या पूर्ण झाली" असं सांगितलं आणि त्याच महिन्यात दोन नवे सभासद घेतले. ते दोघेही गोरे होते. त्या क्लबाचं नाव घेत नाही, पण ते दार बंद झाल्याचं मला अजून विसरता आलेलं नाही.

मला शिकवलं ते बेटशँगरच्या कोळसा खाणीतल्या एका कामगारानं. डीलच्या मागच्या अंगाला ही खाण होती आणि पाळी संपवून समुद्रावर येणारे कामगार बरेच होते. दिवसभर जमिनीखाली राहिलेल्या माणसाला रात्रीचा उघडा किनारा किती हवासा वाटत असेल, ते त्याच्याकडे बघून कळायचं. त्याच्याकडे लाल 6000 होतं, दोन जुबिली क्लिपांनी रॉडच्या बुंध्याला आवळलेलं. अंगठ्याला तो सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालायचा, कारण जोरात फेकताना ओलं स्पूल अंगठ्याखालून निसटतं. पहिले काही आठवडे त्यानं मला लांब फेकूच दिलं नाही. आधी अंगठा, लांबीचं मग बघू.

तो काय शिकवायचा ते नेमकं सांगतो. मुख्य तंगूस पंधरा पौंडांचा असेल, तर पुढे जाड शॉक लीडर बांधायचा. हिशेब सोपा, एका औंस शिशामागे लीडरची दहा पौंड ताकद. पाच औंसाला किमान पन्नास पौंड. लीडरची गाठ स्पूलच्या एका कडेला बसवायची, मध्ये नाही, नाहीतर सुटताना ती अंगठा फाडते. स्पूलच्या दांड्यावरचे ब्रेकचे दोन बारीक ठोकळे वेग वाढला की बाहेर सरकून कड्याला घासतात आणि सुरुवातीचा झटका आवरतात. बेअरिंगमधलं तेल हाही एक ब्रेकच. पातळ तेल घातलं की स्पूल सुसाट सुटतं, दाट घातलं की शहाण्यासारखं वागतं. कडाक्याच्या थंडीत तेल आणखी दाट होतं, हे धरून चालायचं. आणि फेकल्यावर अंधारात काही दिसत नाही, तेव्हा ऐकायचं. स्पूलचा घूं असा आवाज आधी चढतो, मग उतरू लागतो. तो उतरू लागला की अंगठा कडेला हलकेच टेकवायचा, आणि शिसं पाण्यावर आदळायच्या क्षणी घट्ट दाबायचा. वेंगुर्ल्याचं बोट आणि डीलचा अंगठा यांची ओळख पटायला मला वेळ लागला नाही.

घरी आल्यावर दुसरं काम. रीळ नळाखाली हलकेच धुवायचं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, बोटांनी फिरणारे स्क्रू काढून बाजूची पाटी उघडायची. तंगूस इकडून तिकडे नेणाऱ्या लेव्हल-वाइंडच्या मळसूत्रात वाळू अडकलेली असायची, ती जुन्या टूथब्रशनं काढायची. ते यंत्र असं बनवलेलं होतं की एखाद्या डॉक्टरालाही ते उघडून पुन्हा जोडता यावं. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून ॲबूच्या रिळाच्या पायावर कोरलेला आकडाही मला आवडायचा. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे. कारखान्यानं आपल्या कामावर तारीख घालायची हिंमत दाखवली होती.

कॉड होता, म्हणून हे सगळं होतं. साठ आणि सत्तरच्या दशकांत उत्तर समुद्रात कॉडची पैदास जोरात होती आणि हिवाळ्यात तो केंटच्या किनाऱ्याला अगदी जवळ यायचा. डीलचा गोट्यांचा किनारा एकदम खोल उतरतो, भरतीची ओढ जबर. त्या ओढीत शिसं टिकावं म्हणून तारांची नखं असलेली ब्रेकअवे शिशं त्याच काळात रूढ झाली. अंगठा आणि शिसं जमलं, की मासा मिळायचा.

मग लांबीचं वेड आलं. त्या वेडाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. शिसं खाली लोंबत ठेवून, झुलवून, अख्खं अंग फिरवून फेकायची पेंड्युलम पद्धत आली. ती शास्त्रशुद्ध होती आणि ती नीट करणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. पण मासिकांनी गजांचे आकडे छापायचा सपाटा लावला. पाणी नसलेल्या मैदानावर स्पर्धा, 150 ग्रॅमच्या शिशाचे विक्रम, अमक्याचं रीळ तमक्यापेक्षा किती पुढे. लेव्हल-वाइंड काढून टाका, ठोकळे काढून टाका, चुंबक बसवा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला फिरत्या ॲल्युमिनियमच्या स्पूलजवळ चुंबक ठेवून वेग आवरायची युक्ती पसरली आणि ती फार चांगली युक्ती होती. पण ती अंगठ्याच्या जोडीला न येता अंगठ्याच्या जागी आली. गर्दीच्या किनाऱ्यावर अर्धवट शिकलेले लोक पेंड्युलम फिरवू लागले. तुटलेलं पाच औंस शिसं माणसाचा जीव घेऊ शकतं, म्हणून पुढे अनेक क्लबांना आपल्या स्पर्धांत ही पद्धत बंद करावी लागली. डीलसारख्या खोल किनाऱ्यावर तर मासा पुष्कळदा सत्तर-ऐंशी गजांतच असे. तो मागे टाकून लोक दीडशे गजांपलीकडे आपली प्रतिष्ठा फेकत होते. मल्टिप्लायर अवघड असतं, तज्ज्ञांनाच जमतं, ही समजूत त्याच वर्षांत रुजली आणि नवशिका त्याच्यापासून दूर गेला. फिक्स्ड स्पूलवाल्या कंपन्यांना पुढे फक्त दार उघडायचं उरलं होतं.

मार्च 1984 ते मार्च 1985 खाणकामगारांचा संप चालला. त्या हिवाळ्यात माझ्या गुरूच्या घरात कॉड हा छंद राहिला नव्हता, ते जेवण होतं. वसंत येईपर्यंत त्यानं दोन रिळं विकली, लाल 6000 सुद्धा. विकत घेणारा मी नव्हतो. मी पैसे देऊ केले होते, त्यानं घेतले नाहीत. 1989 मध्ये बेटशँगर बंद झाली आणि केंटमधला कोळशाचा धंदाच संपला. किनाऱ्यावर पाळी संपवून येणारी माणसं त्यासोबत गेली. एकमेकांना फुकट शिकवणारी ती एक शाळाच होती आणि तिच्याबद्दल कुठल्याही मासिकात अग्रलेख आला नाही.

नव्वदचं दशक आणि पुढची वर्षं मी झटकन ओलांडतो. चकचकीत क्रोमची रिळं आली, किमती वाढल्या, कॉडचा साठा कोसळला. 2017 मध्ये उत्तर समुद्रातल्या कॉडला शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र मिळालं आणि 2019 मध्ये ते स्थगितही केलं गेलं, एवढं सांगितलं तरी पुरे. हल्ली डीलच्या पहाटे व्हायटिंग आणि डॉगफिश येतात. फिक्स्ड स्पूलनं फेकलेलं शिसं तेवढंच लांब जातं, गुंता होत नाही, हे मी मान्य करतो. पण ते रीळ बिघडलं की उघडत नाहीत, नवं घेतात. आणि जुनी ॲबू रिळं? ती काचेच्या कपाटात गेली. मूळ चामड्याच्या डबीसकट असेल तर भाव जास्त, खाऱ्या पाण्याचा डाग असेल तर कमी. खारं पाणी लागलेलं समुद्री रीळ कमी किमतीचं ठरवणारा हा संग्राहकांचा बाजार मला समजत नाही आणि समजून घ्यायचाही नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी काका किंवा आजोबा बोटीवर असताना आणलेलं ॲबू नाहीतर पेन माळ्यावर पडलं असेल, तर ते विकू नका. उघडा, जुनं घट्ट झालेलं तेल पुसून काढा, दोन थेंब नवीन घाला, ठोकळे दोन्ही आहेत ना ते बघा. स्पूल जुनं प्लास्टिकचं असेल तर त्यावर नायलॉन ताणून भरू नका, ते फुटतं. सुरुवातीला पन्नास गजच फेका, उजेडात, आजूबाजूला कुणी नसताना. आणि घरातल्या एखाद्या पोराला सोबत न्या.