वाहन-अभिज्ञान, इलेक्ट्रॉनीय

रस्त्याने जाणारे वाहन न थांबविता रेडिओ तरंग, प्रतिमा किंवा उपग्रहांचे संकेत यांच्या साहाय्याने त्याची ओळख पटविण्याचे आणि त्या ओळखीशी निगडित नोंदी तत्काळ मिळविण्याचे तंत्र. पथकराची वसुली, वेगमर्यादेचे नियमन, चोरीस गेलेल्या वाहनांचा शोध, सार्वजनिक वाहनांचे स्थाननिश्चयन आणि रहदारीचे मोजमाप यांसाठी ते वापरले जाते. या तंत्राने ओळख पटते ती वाहनाची. ते कोण चालवीत आहे, हे त्यातून कळत नाही. हा भेद साधा असला, तरी या विषयातील बहुतेक वाद त्याच्याशी येऊन थांबतात.

अशा अभिज्ञानाचा पाया म्हणजे वाहनाचा नोंदणी क्रमांक होय. मोटार वाहन अधिनियम, १९८८ व त्याखालील केंद्रीय नियम १ जुलै १९८९ रोजी अंमलात आले आणि राज्यनिदर्शक अक्षरे, नोंदणी कार्यालयाचा क्रमांक, श्रेणीची अक्षरे व अनुक्रमांक अशी क्रमांकाची घडण देशभर रूढ झाली. परभणी जिल्ह्यातील वाहनांच्या पाटीवरील ‘एमएच २२’ ही खूण याच घडणीतील आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा निर्माण झाला व त्यास ३८ हा क्रमांक मिळाला. पाटीवरील क्रमांक माणसाने डोळ्यांनी वाचावा, या कल्पनेने ही पद्धती आखलेली होती. वाचणारा माणूस असल्यामुळे पाटी रंगविणाऱ्यांनी अक्षरांच्या वळणात मनसोक्त कलाकुसर केली. २१४ हे आकडे ‘राम’ असे व ८०५५ हे आकडे ‘बॉस’ असे वाचले जावेत, अशा रीतीने रंगविलेल्या पाट्या महाराष्ट्रात कोणासही अपरिचित नाहीत. यंत्राला मात्र ही कलाकुसर मानवत नाही.

इतिहास : दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर दिसणारे विमान स्वपक्षाचे की शत्रूचे, हे ओळखण्यासाठी ब्रिटिशांनी विमानांवर प्रतिसादक बसविले. रडारचा तरंग येऊन पोहोचताच प्रतिसादक ठराविक संकेत परत पाठवी [⟶ रडार]. दूरवरून रेडिओ तरंगांनी ओळख पटविण्याच्या तंत्राचा उगम येथे आहे. स्वतःचा प्रेषक नसलेली वस्तूही केवळ परावर्तित शक्तीच्या योगे संदेश देऊ शकते, ही कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ मध्ये एका निबंधात मांडली. तिचा व्यापक उपयोग होण्यासाठी स्वस्त संकलित मंडले उपलब्ध होईपर्यंत थांबावे लागले. १९७६ मध्ये ब्रिटनमधील पोलीस दलाच्या वैज्ञानिक शाखेने प्रतिमेवरून पाटीवरील क्रमांक वाचणारी पद्धती विकसित केली. नॉर्वेतील ऑलेसुन येथे १९८७ मध्ये इलेक्ट्रॉनीय पथकर-वसुलीस प्रारंभ झाला, तर सिंगापूरने १९९८ मध्ये शहरातील रहदारीच्या दाटीनुसार बदलणारी आकारणी रस्त्यावरील कमानींमधून सुरू केली.

कार्यपद्धती : भारतात पथकरासाठी वापरली जाणारी ‘फास्टॅग’ ही ओळखपट्टी निष्क्रिय प्रकारची आहे, म्हणजे तिच्यात विद्युत् घट नसतो. वाहनाच्या पुढील काचेच्या आतील बाजूस चिकटविलेल्या या पट्टीत धातूच्या पातळ पत्र्याचा एक आकाशक आणि त्याला जोडलेले मोहरीच्या दाण्याहूनही लहान संकलित मंडल, एवढेच घटक असतात. पथकर नाक्यावरील वाचक-यंत्र ८६५ ते ८६७ मेगॅहर्ट्‌झ या कंप्रता-पट्ट्यातील तरंग मार्गिकेवर सतत सोडीत असते. या तरंगांची लांबी सु. ३५ सेंमी. भरते. पट्टी त्यांच्या कक्षेत येताच आकाशकात अत्यल्प विद्युत् प्रवाह निर्माण होतो, त्याचे एकदिशीकरण होते आणि तेवढ्याच ऊर्जेवर मंडल जागे होते.

मंडल स्वतः तरंग प्रक्षेपित करीत नाही. ते आकाशकावरील विद्युत् भार ठराविक क्रमाने बदलते. त्यामुळे आकाशकाकडून परावर्तित होणारा तरंग कधी किंचित प्रबल, तर कधी किंचित क्षीण होतो. आरशाने उन्हाचा कवडसा पाडणाऱ्याने आरसा हलवून दूरच्या माणसास खूण करावी, तसाच हा प्रकार आहे. परतलेल्या तरंगातील हे चढउतार वाचकाचा ग्राही ओळखतो व त्यांतून पट्टीचा क्रमांक उलगडतो. निर्मितीच्या वेळीच मंडलात नोंदलेला एक क्रमांक पुढे बदलता येत नाही आणि कोणत्याही दोन पट्ट्यांमध्ये तो सारखा नसतो. एका वेळी अनेक पट्ट्या कक्षेत आल्यास प्रत्येक पट्टी यदृच्छया एक पाळी निवडते व आपल्या पाळीलाच उत्तर देते. त्यामुळे उत्तरांची सरमिसळ टळते.

पोहोचणारी शक्ती अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत असल्याने निष्क्रिय पट्टी काही मीटरच्या टप्प्यातच वाचता येते. काचेवर धातूचा लेप असल्यास, पट्टी सुरकुतलेली असल्यास अथवा धातूच्या चौकटीला खेटून लावलेली असल्यास वाचन चुकते. पट्टी एका वाहनावरून काढून दुसऱ्यावर लावता येऊ नये म्हणून ती उचकटताच निकामी व्हावी, अशी तिची रचना असते. तरीही ती काचेवर न चिकटविता हातात धरून दाखविण्याची प्रथा इतकी फैलावली की, अशा सुट्या पट्ट्या काळ्या यादीत टाकण्याचे धोरण भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले.

वाचन झाल्यावर खरे काम सुरू होते. नाक्याच्या बँकेकडून पट्टीचा क्रमांक भारतीय राष्ट्रीय देयके महामंडळाच्या मध्यवर्ती यंत्रणेकडे जातो. तेथील सूचीत त्या क्रमांकासमोर वाहनाचा नोंदणी क्रमांक, वर्ग, पट्टी देणारी बँक आणि पट्टीची वैधता यांची नोंद असते. त्यानुसार मालकाच्या खात्यातून रक्कम वळती होते. मार्गिकेतील आस मोजणारी साधने व अवरक्त किरणांचे पडदे वाहनाचा वर्ग स्वतंत्रपणे ठरवितात आणि तो नोंदीतील वर्गाशी ताडून पाहतात. पट्टी, नोंदणी आणि खाते या साखळीतील एखादा दुवा निखळला, तर वाहन प्रत्यक्ष समोर उभे असूनही यंत्रणेच्या लेखी ते अनोळखी ठरते, आणि त्याचा भुर्दंड बहुधा चालकास तेथेच सोसावा लागतो.

भारतातील प्रसार : २०१० मध्ये नंदन निलेकणी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने घटविरहित पट्टीचा पर्याय सुचविला. किंमत कमी, देखभाल नाही आणि तंत्र कोणा एका उत्पादकाच्या मालकीचे नाही, ही त्याची जमेची बाजू होती. मुंबई–अहमदाबाद मार्गावर तिचा प्रारंभीचा प्रयोग झाला. १ डिसेंबर २०१७ पासून नवी चारचाकी वाहने पट्टीसहच विकण्याचे बंधन आले. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवरील सर्व मार्गिका फास्टॅगच्या झाल्या आणि वैध पट्टी नसलेल्या वाहनास दुप्पट पथकर लागू झाला. १५ नोव्हेंबर २०२५ पासून अशा वाहनाने रोखीऐवजी भ्रमणध्वनीवरून एकात्मिक देयक प्रणालीने पैसे भरल्यास सव्वापट आकारणीची सवलत देण्यात आली.

महाराष्ट्रात या तंत्राचे पूर्ण रूप दिसते ते नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गावर. ७०१ किमी. लांबीचा हा मार्ग १० जिल्ह्यांतून जातो. त्याचा नागपूर–शिर्डी हा ५२० किमी.चा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, तर इगतपुरी–आमणे हा अखेरचा ७६ किमी.चा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. येथे पथकर बंदिस्त पद्धतीचा आहे. प्रवेशाच्या जागी पट्टी एकदा वाचली जाते व निर्गमाच्या जागी पुन्हा. मधल्या अंतरास दराने गुणून रक्कम निघते. हलक्या वाहनांसाठी प्रारंभी दर किमी.ला १.७३ रु. असलेला दर एप्रिल २०२५ पासून २.०६ रु. झाला. जितके चालणे तितका आकार, हे तत्त्व न्याय्य खरे. परंतु त्यासाठी वाहन कोठे शिरले व कोठे बाहेर पडले, याची वेळेसह नोंद ठेवणे अटळ ठरते. मुंबईच्या शिवडी–न्हावा शेवा अटल सेतूवर (१२ जानेवारी २०२४) तर अडथळ्याचा दांडाही नाही. वाहन वेग कमी न करता कमानीखालून जाते.

परभणी जिल्हा व बोरी : समृद्धी महामार्ग परभणी जिल्ह्यातून जात नाही. त्यास जोडणारा जालना–नांदेड द्रुतगती मार्ग (सु. १७९ किमी.) या जिल्ह्यातून आखण्यात आला असून भूसंपादनाच्या मोबदल्यावरून शेतकऱ्यांनी आंदोलने केली. पवनार ते पत्रादेवी या नियोजित शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीतही परभणी जिल्हा आहे. त्या मार्गास कोल्हापूरसह अनेक जिल्ह्यांतून विरोध झाला.

जिंतूर तालुक्यातील बोरी हे परभणी–जिंतूर रस्त्यावरील गाव घेतल्यास या तंत्राची व्याप्ती आणि तिच्या मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. कापूस वा सोयाबीन घेऊन येथून मुंबईकडे निघालेली मालमोटार जिंतूर–मंठामार्गे जालन्यास पोहोचून समृद्धी महामार्गावर चढते आणि तेथून मुंबईजवळ उतरेपर्यंत तिच्या नोंदी यंत्रणेत राहतात. पण तोच कापूस शेतातून गावापर्यंत आणणारी बैलगाडी, ट्रॅक्टर व त्याची ट्रॉली, बाजाराला निघालेली दुचाकी यांची नोंद कोठेच होत नाही. राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियम, २००८ नुसार दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर व पशुचलित वाहने यांना पथकर माफ आहे. म्हणून त्यांना पट्टीही नाही. समृद्धी महामार्गावर तर त्यांना प्रवेशच नाही.

ही माफी योग्यच आहे. अडचण निर्माण होते ती रहदारी मोजताना. रस्त्याच्या कडेला बसून केल्या जाणाऱ्या जुन्या वाहनगणनेत प्रत्येक प्रकारचे वाहन टिपले जाई व त्याचे रूपांतर मोटारगाडीच्या एककात केले जाई. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९९० च्या मानकात ग्रामीण रस्त्यांसाठी मोटारगाडी १, दुचाकी ०.५, मालमोटार वा बस ३, ट्रॅक्टर-ट्रॉली ४.५ आणि बैलगाडी ८ (लहान असल्यास ६) असे गुणांक दिलेले आहेत. संथ बैलगाडी रस्त्याची जागा अधिक काळ अडविते, म्हणून तिचा गुणांक इतका मोठा. पट्टीवाचनाने केलेल्या गणनेत याच बैलगाडीचे मूल्य शून्य होते. बोरीसारख्या गावात पूल किती रुंद हवा, भुयारी मार्ग कोठे हवा, महामार्गालगत जोडरस्ता हवा की नको, हे प्रश्न सोडविताना केवळ इलेक्ट्रॉनीय नोंदींवर विसंबल्यास रस्त्याचा सर्वांत अधिक वापर करणारेच हिशेबातून गळतात. पाटीवाचक कॅमेरा दुचाकी टिपू शकतो. बैलगाडीला पाटी नसल्याने त्याचाही येथे उपयोग नाही.

दोष व प्रश्न : कॅमेऱ्याच्या पद्धतीत सर्वांत मोठा दोष बनावट पाटीचा होय. कोणीही दुसऱ्याचा क्रमांक रंगवून घेतल्यास दंडाची सूचना खऱ्या मालकाकडे जाते व आपले वाहन त्या दिवशी तेथे नव्हते, हे सिद्ध करण्याचा भार निरपराध माणसावर पडतो. यावर उपाय म्हणून १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा पाटी बंधनकारक झाली. तिच्यावर अशोकचक्राचे क्रोमियमयुक्त त्रिमितीय चित्र, लेसरने कोरलेला क्रमांक आणि एकदाच वापरता येणारे खिळे असतात. महाराष्ट्रात त्यापूर्वीच्या वाहनांना ही पाटी बसविण्याची मुदत २०२५ मध्ये अनेक वेळा वाढवावी लागली.

दुसरा प्रश्न नोंदींच्या मालकीचा आहे. पथकरासाठी घेतलेली नोंद गुन्ह्याच्या तपासात उपयोगी पडते, आणि तीच नोंद कोण कोठे गेला याचा मागही ठेवते. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. वैयक्तिक अंकीय माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. पट्टीवर मालकाचे नाव नसते, ही सबब या बाबतीत पुरेशी नाही. नोंदणी क्रमांकावरून मालकापर्यंत पोहोचणे अवघड नसते.

उपग्रहांच्या संकेतांवरून वाहनाचे स्थान सतत ठरविणारे उपकरण नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांवर १ जानेवारी २०१९ पासून बंधनकारक झाले. संकटसमयी दाबावयाची कळही त्यातच अंतर्भूत आहे. याच तत्त्वावर नाक्यांवाचून पथकर घेता यावा म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क-नियमांत दुरुस्ती करण्यात आली आणि असे उपकरण असलेल्या वाहनास दररोज २० किमी.पर्यंतचा प्रवास विनाशुल्क ठेवण्यात आला. १ मे २०२५ पासून ही पद्धती देशभर सुरू होणार, अशी बातमी पसरली असता तसा कोणताही निर्णय झालेला नसल्याचे केंद्रीय मंत्रालयाने स्पष्ट केले. त्याऐवजी फास्टॅग व पाटीवाचक कॅमेरे यांची सांगड घालून अडथळाविरहित वसुली करण्याचे ठरले व त्यासाठीचा पहिला करार गुजरातमधील चोर्यासी नाक्यासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये झाला.