स्वस्त बोलणे, महाग शांतता

वाचनालयाच्या भिंतीवर ‘शांतता राखा’ ही पाटी फार पूर्वीपासून आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तिच्या शेजारी ‘भ्रमणध्वनी बंद ठेवावा’ ही दुसरी पाटी येऊन बसली आणि पाहता पाहता ती बँका, रुग्णालये, न्यायालये, देवळे, नाट्यगृहे अशी सर्वत्र पसरली. एखादी सूचना जितक्या अधिक ठिकाणी लिहावी लागते, तितकी ती कमी पाळली जात असली पाहिजे, असा निष्कर्ष काढल्यास तो वावगा ठरू नये. नाटकापूर्वी ध्वनिक्षेपकावरून विनंती होते आणि प्रसंग ऐन रंगात आला असता कोणाच्या तरी खिशातून गाणे सुरू होते. सुबोध भावे, सुमीत राघवन यांच्यासारख्या नटांना २०१९ साली या प्रकाराबद्दल जाहीरपणे नाराजी व्यक्त करावी लागली. तेव्हापासून परिस्थिती फारशी पालटलेली नाही.

यावर ‘लोकांना रीतभात राहिली नाही’ असे एक सोपे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. ते देणारा स्वतःला लोकांतून वगळतो, म्हणून ते त्याला सोयीचे वाटते. परंतु एकाच पिढीत सारा समाज अकस्मात असंस्कृत झाला, असे मानण्यास काही आधार नाही. कारण अन्यत्र शोधावयास हवे.

किंमत हाच शिष्टाचार

ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे, त्यांना टेलिफोनचे दुर्भिक्ष आठवत असेल. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. चाळीत एखाद्याच घरी फोन असे आणि नोकरीच्या अर्जावर इतर बिऱ्हाडकरू तोच क्रमांक ‘पी.पी.’ ही अक्षरे जोडून लिहीत. शेजाऱ्याकडून बोलावणे आले की माणूस धावत जाई, दाराशी चपला काढी, हळू आवाजात मोजके बोले आणि दोन शब्द आभाराचे बोलून परते. ट्रंक कॉल तीन मिनिटांच्या हिशेबाने मिळे. पुढे पिवळ्या पाटीचे एस.टी.डी. बूथ आले, पण तेथेही डोळ्यांसमोर मीटरचे लाल आकडे पळत असत आणि स्वस्त दरासाठी रात्री उशिरा रांगा लागत.

भारतातील पहिले मोबाईल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीतील केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी ते केले. त्या काळी बोलण्याचा दर मिनिटाला सुमारे सोळा रुपयांपर्यंत जाई आणि आलेला फोन घेण्यासही पैसे पडत. मे २००३ मध्ये येणाऱ्या फोनवरील आकारणी थांबली. सप्टेंबर २०१६ मध्ये ‘जिओ’ बाजारात आल्यानंतर बोलण्याला वेगळी किंमत अशी जवळजवळ उरलीच नाही.

हा सारा इतिहास आनंदाचा आहे. मुंबईत हमाली करणारा माणूस आज गावाकडच्या लेकराचे तोंड रोज पाहू शकतो, ही सामान्य गोष्ट नव्हे. मात्र या इतिहासाची दुसरी बाजू ध्यानात घ्यावयास हवी. थोडक्यात बोलणे, कामापुरते बोलणे, आडोशाला जाऊन बोलणे या ज्या सवयींना आपण संस्कार म्हणत होतो, त्यांतील बराच भाग दराने शिकविलेला होता. दर गेला, तशी ती शिस्तही गेली. तिच्या जागी समाजाने स्वतःची अशी दुसरी शिस्त अद्याप घडविलेली नाही.

मिठाईवाला आणि डॉक्टर

बोलणाराचा खर्च शून्यावर आला, तरी ऐकणाराचा खर्च शून्यावर आलेला नाही. एस.टी.च्या गाडीत एकजण मोबाईलवर मोठ्या आवाजात चित्रफीत पाहतो. त्याचा डेटा काही पैशांत येतो, पण चाळीस प्रवाशांची झोप, वाचन वा नुसतीच शांतता मोडते आणि तिचे बिल कोणीच भरत नाही. एकाच्या व्यवहाराचा भार तिसऱ्यावर पडावा आणि तो बाजारभावात दिसू नये, या प्रकाराचे विवेचन पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालीच केले होते.

रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये या विचाराला वेगळी दिशा दिली. त्यांनी घेतलेले एक उदाहरण १८७९ सालच्या एका इंग्रज खटल्याचे आहे. लंडनमधील एका मिठाईवाल्याचे खलबत्ते वर्षानुवर्षे चालत होते. शेजारच्या डॉक्टरने आपल्या आवारात भिंतीला लागून तपासणीची खोली बांधली आणि त्या आवाजाविरुद्ध तो न्यायालयात गेला. कोस यांचे म्हणणे असे की, येथे दोघेही एकमेकांच्या आड येतात. वाटाघाटीचा खर्च नगण्य असेल, तर दोघे आपसांत सौदा करून मार्ग काढतील.

परंतु हा सौदा दोन शेजाऱ्यांत होऊ शकतो. लोकलच्या डब्यातील दोनशे अनोळखी माणसांत होऊ शकत नाही. दर स्थानकावर माणसे बदलतात. ‘आवाज कमी करा’ असे सांगावयाचे कोणी, हा प्रश्न प्रत्येकजण दुसऱ्यावर सोडतो. कारण भांडणाचा धोका सांगणाराला आणि शांततेचा लाभ सर्वांना. म्हणूनच अशा ठिकाणी रीतभात लागते. रीतभात म्हणजे प्रत्येक वेळी नव्याने वाटाघाट करावी लागू नये म्हणून समाजाने आधीच करून ठेवलेला करार होय. त्याला पोलीस लागत नाही, न्यायालय लागत नाही. इतकी स्वस्त संस्था दुसरी नाही.

नियम झालेले नाहीत असे नाही. रात्री दहानंतर गाडीत मोठ्याने बोलू नये, गाणी लावू नयेत, अशा सूचना रेल्वेने जानेवारी २०२२ मध्ये दिल्या. मुंबईच्या बेस्ट उपक्रमाने एप्रिल २०२३ मध्ये बसगाड्यांत मोबाईल मोठ्याने लावण्यास मनाई केली. परंतु हातात तिकीटयंत्र आणि समोर गर्दी असलेल्या वाहकाने किती जणांना हटकावे? जपानमधील आगगाड्यांत प्रवाशांना फोनचा आवाज बंद ठेवण्याची व डब्यात न बोलण्याची विनंती केली जाते आणि ती बव्हंशी पाळली जाते. तेथे दंडाचे भय नाही. चारचौघांत ओशाळे होण्याचे भय आहे. आपल्याकडे मात्र बोलणारा निःसंकोच असतो आणि हरकत घेणारा ओशाळतो. दुखणे नेमके येथे आहे.

वर्गातील अवधान

सार्वजनिक ठिकाणी मोबाईल शांतता हिरावतो. शाळेत तो त्याहून मोलाची वस्तू हिरावतो. ती म्हणजे अवधान. हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच दाखवून दिले होते की, माहितीची रेलचेल झाली म्हणजे अवधानाची टंचाई होते. वर्गातील पस्तीस मिनिटांच्या तासाला हे तत्त्व जितके लागू पडते, तितके क्वचितच दुसरीकडे पडत असेल.

या टंचाईची झळ सर्वांना सारखी बसत नाही. लुई-फिलीप बेलँड आणि रिचर्ड मर्फी या अर्थशास्त्रज्ञांनी इंग्लंडमधील चार शहरांतील ९१ शाळांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. मोबाईलबंदीनंतर परीक्षेतील गुण एकंदरीत थोडे सुधारले. परंतु अभ्यासात मागे असलेल्या मुलांची सुधारणा सरासरीच्या दुपटीहून अधिक होती आणि पुढे असलेल्या मुलांत काहीच फरक पडला नाही. याचा अर्थ आपल्याकडील शिक्षकांना समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याच्या घरी पुस्तके आहेत, शिकलेले आईबाप आहेत, शिकवणीची सोय आहे, त्याचा वर्गातील एक तास बुडाला तरी तो भरून निघतो. जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेतील मुलाजवळ तो तास हीच सारी पुंजी असते. वर्गातील मोबाईल हा म्हणूनच केवळ शिस्तीचा प्रश्न नाही, तो समान संधीचा प्रश्न आहे.

‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीचे २०२४ सालचे आकडेही बोलके आहेत. ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी पाहणीच्या आदल्या आठवड्यात तो शिक्षणासाठी वापरला, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी.

सरसकट बंदी पुरेशी नाही

तेव्हा बंदी घालावी आणि मोकळे व्हावे, असे कोणी म्हणेल. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेत मोबाईल वापरण्यास मनाई केली. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालानुसार अशी बंदी असलेले देश चौथ्या हिश्श्याहूनही कमी होते. पुढील वर्षअखेर हे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवर गेले. जगाचा कल स्पष्ट आहे.

परंतु आपल्या परिस्थितीत दोन अडचणी आहेत. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा याच मोबाईलला आपण वर्ग म्हटले आणि ज्या घरात तो नव्हता त्या घराने कर्ज काढून तो घ्यावा, अशी वेळ आणली. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर छापलेले क्यूआर कोडही मोबाईलशिवाय उघडत नाहीत. दुसरी अडचण मुलींची. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वयोगटात स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे ४४ टक्के, तर मुली सुमारे २० टक्के होत्या. पहाटेची एस.टी. पकडून तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीच्या पिशवीतील फोन हा आईबापांचा धीर असतो. तो घरीच ठेवण्याची सक्ती झाली, तर काही ठिकाणी मुलगीच घरी ठेवली जाईल.

दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सरसकट बंदी इष्टही नाही आणि व्यवहार्यही नाही असे मत दिले. शक्य तेथे फोन शाळेत आल्यावर जमा करून घ्यावेत, वर्गात त्यांचा वापर नसावा, संपर्क व सुरक्षिततेसाठी मात्र तो असू द्यावा, असा त्या निर्णयाचा रोख आहे. हा मार्ग शहाणपणाचा वाटतो. खर्चही फारसा नाही: कुलपाचे एक कपाट, एक नोंदवही आणि पालकांना निरोप देण्यासाठी कार्यालयातील एक फोन.

आधी मोठ्यांनी

यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. ज्या शिक्षकाने मुलांचे फोन जमा करावयाचे, त्याचा स्वतःचा फोन तासाला खणखणत असेल तर? यात केवळ शिक्षकाला दोष देणे अन्यायाचे होईल. माहिती ताबडतोब भरा, छायाचित्र आताच पाठवा, असे आदेश शाळेच्या वेळेतच व्हॉट्सअॅपवर येतात. वर्गातील शिस्त हवी असेल, तर तासाच्या वेळेत उत्तराची अपेक्षा न ठेवण्याची शिस्त वरिष्ठ कार्यालयांनी प्रथम पाळली पाहिजे. तीच गोष्ट कचेरीच्या खिडकीची. रांगेतील वृद्धाला उभे ठेवून मोबाईलवर बोलणारा कारकून आणि खिडकीशी येऊनही कानाचा फोन न काढणारा ग्राहक, हे दोघे एकमेकांचा वेळ फुकट समजतात.

या संदर्भात सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाचे उदाहरण मननीय आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून तेथे रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि पुढील दीड तास घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाईल बंद ठेवण्याचा क्रम गावाने ठरविला. मुलांनी त्या वेळात अभ्यास करावयाचा. प्रारंभी आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. या प्रयोगाचे खरे मर्म असे की, बंधन मुलांपुरते नव्हते, आईबापांवरही होते. शिवाय ते सर्वांवर एकाच वेळी होते. आपण एकट्यानेच फोन ठेवला तर काहीतरी हुकेल, ही भीती सगळ्यांनी एकदम फोन ठेवल्याबरोबर नाहीशी होते. जे एकेकट्याला जड जाते, ते गावाला सोपे जाते.

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर कडक मनाई झाली, तेव्हा तीही अनेकांना हास्यास्पद वाटली होती. आज बसमध्ये विडी पेटविणाऱ्याकडे सारे वळून पाहतात, आणि ते पाहणेच पुरेसे होते. मोबाईलच्या बाबतीत आपल्याला तेथवर पोहोचावयाचे आहे. त्यासाठी तीनच सवयी पुरेत: बंद दालनात आवाज बंद, समोर माणूस असता फोन दुय्यम आणि चारचौघांत ऐकावयाचे ते फक्त आपल्याच कानाने. बोलणे स्वस्त झाले, हा विज्ञानाचा विजय आहे. शांतता महाग होऊ न देणे हे मात्र विज्ञानाचे काम नाही, ते नागरिकांचे आहे. आणि त्याचा पहिला धडा मुलांना पुस्तकातून मिळणार नाही, मोठ्यांच्या वागण्यातूनच मिळेल.