रक्तातील साखरेची साक्ष

दादरच्या काकांची आणि गोंदिया जिल्ह्यातील बिरसीच्या मामांची रक्तातील साखरेची चिठ्ठी सारखीच वाचावी काय? प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही.

अनारसे-करंज्यांवर ताव मारून पुढे चार दिवस पथ्य पाळले, की सकाळची उपाशीपोटीची साखर बरी दिसते. ‘एचबीएवनसी’ ही तपासणी मात्र अशी सहजी फसत नाही. साखर तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटते, पेशी जगते सुमारे 120 दिवस; तेव्हा गेल्या दोन-तीन महिन्यांची नोंद तेथे राहतेच.

हिमोग्लोबिनची बीटा साखळी म्हणजे 146 अमिनो आम्लांची माळ. या तपासणीत मोजतात ती साखर पहिल्या मण्याला चिकटलेली. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय संदर्भ-पद्धतीत एक एन्झाइम ही माळ सहाव्या मण्यानंतर कापते. सहा मण्यांचा तो तुकडा, म्हणजे पेप्टाइड, ‘मास स्पेक्ट्रोमीटर’मध्ये जातो. हा रेणूंचा तराजूच म्हणा ना! पारडी मात्र नाहीत. रेणूंना विद्युत्भार द्यायचा, निर्वात पोकळीत सोडायचे आणि त्यांच्या चालीवरून वजन ओळखायचे. साधा तुकडा भरतो 694, साखर लागलेला 856. मधले 162 साखरेचे. कोणते तुकडे किती, हे कळले की हिशेब झाला.

आता बिरसीचे मामा. पूर्व विदर्भात सिकलसेलचा दोष अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. शुक्ला व सोलंकी यांनी मध्य भारतातील वाहकांविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले ते 1958 साली. हा दोष नेमका त्या सहाव्या मण्यात! केंब्रिजच्या इन्ग्रामने 1957 साली दाखवून दिले, की तेथे ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेले असते. एन्झाइमची कात्री ग्लुटामिक आम्ल पाहूनच चालते. मणी बदलला, की ती सहाव्यावर न चालता सातव्यावर चालते, आणि तुकडा निराळाच पडतो.

वाहकाच्या रक्तात साधी साखळीही असते, म्हणून काम भागते. परंतु गावोगावच्या प्रयोगशाळांत हा तराजू नसतो, आणि तेथील काही पद्धती दोषयुक्त हिमोग्लोबिनामुळे चुकीचा आकडा देतात. प्रत्यक्ष रुग्णाची गोष्ट अधिक गंभीर. त्याच्या पेशी लवकर मरतात, साखरेला चिकटायला सवडच मिळत नाही, आणि मधुमेह असूनही चिठ्ठी निर्धास्त करते.

म्हणून घरात सिकलसेल असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगावे आणि प्रयोगशाळेला तिची पद्धत विचारावी. रुग्णासाठी रोजची साखर किंवा ‘फ्रुक्टोसामिन’ची तपासणी हा मार्ग मोकळा आहे.